तेराव्या दिवसानंतरचे घर

घरात मृत्यू झाला की पहिले काही दिवस काय करायचे, हे आपल्या समाजाला नेमके ठाऊक असते. नातेवाइकांना कळवायचे कुणी, सामान आणायचे कुणी, स्मशानभूमीत पुढे जाऊन नोंद करायची कुणी, हे न सांगता ठरते. त्या दिवशी घरची चूल पेटत नाही, म्हणून शेजारच्या घरातून पिठलं-भात येतो. एरवी जिन्यात भेटले तरी न बोलणारी माणसे बाहेरच्या खोलीतल्या सतरंजीवर तास-तास बसून राहतात. दहाव्याला कावळा शिवला की नाही याची चर्चा होते, तेराव्याला गोडाचे जेवण होते, आणि चौदाव्या दिवशी सकाळी घर रिकामे होते. पाहुण्यांच्या चादरी घड्या करून कपाटात जातात. मुलगी सासरी परतते, मुलाची रजा संपते. भिंतीवर एक नवी तसबीर असते आणि जेवणाच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी असते.

मागे राहिलेल्या माणसाच्या दुःखाची खरी सुरुवात बहुधा त्या सकाळी होते. आणि आपल्या आधाराचे वेळापत्रक मात्र आदल्या दिवशीच संपलेले असते.

शोकाविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुतेक पहिल्या तेरा दिवसांविषयीच. सांत्वनाला केव्हा जावे, काय न्यावे, कोणते कपडे घालावेत, याचे संकेत सर्वांना माहीत असतात. त्यापुढच्या महिन्यांत दुःखी माणसाचे काय होते आणि जवळच्यांनी त्याच्यासाठी काय करावे, याविषयी मात्र फारसे कुणी सांगत नाही. ती उणीव थोडी भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे.

परंपरेला ठाऊक होते

आपल्या परंपरांनी शोक तेरा दिवसांत संपवला होता, हा समज खरा नाही. हिंदू रीतीत तेराव्यानंतर दर महिन्याचे मासिक श्राद्ध असे, भाद्रपदात पितृपक्ष येई आणि वर्ष पूर्ण झाल्यावर वर्षश्राद्ध होई. वर्षभर घरात मंगलकार्य टाळले जाई, पहिली दिवाळी साधेपणाने पार पडे. मुस्लिम समाजात विधवेसाठी चार महिने दहा दिवसांची इद्दत आहे. ज्यू परंपरेत पहिले सात दिवस, मग तीस दिवस आणि आईवडिलांसाठी वर्षभर अशी शोकाची क्रमाक्रमाने सैल होत जाणारी चौकट आहे. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत महिना झाल्यावर मिस्सा अर्पण केला जातो. महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबे जलदान विधी आणि पुण्यानुमोदनासाठी आप्तांना एकत्र बोलावतात.

या विधींच्या धार्मिक अर्थाविषयी प्रत्येकाचे मत वेगळे असू शकेल. काही विधींनी दुःखी माणसावर, विशेषतः स्त्रीवर, जाच केला हेही खरे आहे. पण त्यांच्या रचनेत एक शहाणपण होते. माणसे पुन्हापुन्हा त्या घरात येतील अशी ती व्यवस्था होती. महिन्याने, तीन महिन्यांनी, वर्षाने गेलेल्या माणसाचे नाव मोठ्याने उच्चारले जाईल याची ती तजवीज होती.

शहरी जीवनाने या चौकटीचा पुढचा भाग गाळून टाकला. दहावा, अकरावा, बारावा आणि तेरावा एकाच सकाळी उरकणे आता नवे राहिलेले नाही. त्यात कुणाचा दोष काढण्याचे कारण नाही. अमेरिकेतून आलेल्या मुलाला परतीचे विमान गाठायचे असते, खासगी नोकरीतल्या मुलीला मोजून काही दिवसांचीच रजा असते. शोकासाठी कायद्याने रजा देण्याची कल्पना जगातही तशी नवीच आहे. अठरा वर्षांखालील अपत्य गमावलेल्या आईवडिलांना दोन आठवड्यांची रजा देणारा कायदा ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० मध्ये अमलात आला. आपल्याकडे केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये, मूल मृत जन्मल्यास किंवा जन्मानंतर लगेच दगावल्यास आपल्या महिला कर्मचाऱ्यांना साठ दिवसांची विशेष प्रसूती रजा मंजूर केली. बाकी बहुतेकांना दुःख सोबत घेऊनच कामावर रुजू व्हावे लागते.

विधी आटोपशीर झाले, ते ठीकच. पण विधींबरोबर माणसांचे येणेही आटोपले, हे नुकसान मोठे आहे.

शास्त्राची घाई आणि शास्त्राचे शहाणपण

दुःख लवकर आटोपावे अशी घाई केवळ समाजालाच नव्हती. ती वैद्यकशास्त्रालाही होती. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबला लागलेल्या आगीत ४९२ माणसे मरण पावली. वाचलेल्यांवर आणि मृतांच्या आप्तांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडेमान यांनी १९४४ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. तीव्र शोकाचे ते पहिल्या पद्धतशीर वर्णनांपैकी एक मानले जाते. लाटांसारखे येणारे कढ, घशाशी दाटणारा आवंढा, दीर्घ उसासे, हातापायांतले त्राण जाणे, गेलेल्या माणसाचीच प्रतिमा डोळ्यांसमोर राहणे, आपण काहीतरी कमी केले ही टोचणी आणि जवळच्यांवर विनाकारण निघणारा राग, हे सारे त्यांनी नोंदवले. ते वर्णन आजही खरे वाटते. त्यांचा एक अंदाज मात्र टिकला नाही. योग्य मदत मिळाल्यास साधा शोक चार ते सहा आठवड्यांत मार्गी लागतो, असे त्यांना वाटले होते. पुढील संशोधकांनी दुःखितांना वर्षानुवर्षे भेटून पाहिले, तेव्हा हा काळ फारच थोडा असल्याचे दिसून आले.

दुसरा गैरसमज ‘पाच पायऱ्यां’चा. नकार, संताप, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार हा क्रम आता वर्तमानपत्रांपासून चित्रपटांपर्यंत सर्वत्र आढळतो. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी तो १९६९ मधील आपल्या पुस्तकात मांडला होता, पण तो स्वतःच मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या संवादावरून. मागे राहिलेल्यांना तो नंतर लागू करण्यात आला. प्रत्यक्षात शोक असा इयत्तेइयत्तेने पुढे सरकत नाही. आज शांतपणे बँकेची कामे करून आलेली स्त्री उद्या स्वयंपाकघरात त्यांचा चहाचा कप हाती येताच कोसळू शकते. त्यामुळे ती मागच्या पायरीवर घसरली असे होत नाही.

अलीकडच्या काळात अधिक मान्य झालेली मांडणी नेदरलँड्समधील मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांची आहे. १९९९ मध्ये त्यांनी असे सुचवले की, शोकमग्न माणूस दोन काठांमध्ये सतत ये-जा करीत असतो. एका काठावर गेलेल्या माणसाची आठवण, रडणे, जुने फोटो. दुसऱ्या काठावर वीजबिल भरणे, मुलांचा अभ्यास, पूर्वी कधी न केलेली कामे शिकणे. ही ये-जा म्हणजेच सावरणे. म्हणून दुःखात असलेला माणूस एखाद्या विनोदावर खळखळून हसला तर तो कठोर ठरत नाही. आणि सहा महिन्यांनी अचानक रडू लागला तर दुर्बळही ठरत नाही.

तिसरा प्रश्न ‘विसरण्या’चा. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात असे मांडले होते की, शोकाचे काम म्हणजे गेलेल्या व्यक्तीपासून मन हळूहळू सोडवून घेणे. त्यानंतर तीनच वर्षांनी, जानेवारी १९२० मध्ये, त्यांची मुलगी सोफी इन्फ्लुएन्झाच्या साथीत दगावली. १९२९ मध्ये पुत्रशोकात असलेल्या आपल्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात फ्रॉइड यांनी कबूल केले की, शोकाची तीव्रता ओसरते, पण अशा माणसाची जागा दुसरे कुणी भरून काढू शकत नाही. आणि तसेच असायला हवे, कारण ते प्रेम सोडून द्यावे असे आपल्यालाच वाटत नसते. ज्या दिवशी हे पत्र लिहिले, तो दिवस सोफीच्या वाढदिवसाचा होता. १९९० च्या दशकातील अभ्यासकांनी याच दिशेने पुढे जाऊन सांगितले की, गेलेल्या माणसाशी असलेले नाते तुटत नाही, ते रूप बदलते. रोज तसबिरीशी दोन शब्द बोलणाऱ्या आजीबाईंना हे सांगायला संशोधकांची गरज नव्हती.

शरीरही शोक करते

दुःख फक्त मनात नसते. लंडनमधील मनोविकारतज्ज्ञ कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ५५ वर्षांवरील ४,४८६ विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पत्नीच्या निधनानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत या पुरुषांचे मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळले. त्यानंतर ते हळूहळू कमी होत गेले. तीव्र मानसिक आघातानंतर हृदयाचा स्नायू काही काळ अशक्त होतो, हेही आता वैद्यकाला ठाऊक आहे. जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये वर्णन केलेल्या या अवस्थेला ‘ताकोत्सुबो’ म्हणतात. हृदयाच्या डाव्या कप्प्याला तेव्हा येणारा आकार ऑक्टोपस पकडण्याच्या जपानी मडक्यासारखा दिसतो, त्यावरून हे नाव पडले. बहुतेक रुग्ण त्यातून बरे होतात, पण लक्षणे हृदयविकाराच्या झटक्यासारखीच असल्याने तातडीने रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

या माहितीचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. पत्नी गेल्यावर ज्यांच्या गोळ्यांच्या वेळा ती सांभाळत असे ते आजोबा आता गोळ्या घेतात का, एवढे पाहणेही सांत्वनच आहे. रक्तदाब आणि साखर तपासून घेणे, जेवण होते की केवळ चहा-बिस्किटांवर दिवस निघतो हे विचारणे, झोप किती लागते याची चौकशी करणे, ही कामे मुलगा परदेशातून फोनवर पूर्णपणे करू शकत नाही. शेजारी करू शकतो. शोकाच्या पहिल्या काही महिन्यांत विसराळूपणा वाढतो, लक्ष लागत नाही. गॅस चालू राहतो, किल्ली दारातच राहते. हे वेड लागल्याचे किंवा अचानक म्हातारपण आल्याचे लक्षण समजू नये.

सांत्वनाचे शब्द

दुःखाच्या घरी बोलली जाणारी काही वाक्ये आपण इतक्यांदा ऐकलेली असतात, की ती आपोआप तोंडातून निघतात. ‘सुटले बिचारे.’ ‘वय झालंच होतं.’ ‘देवाला चांगली माणसं लवकर आवडतात.’ ‘तू खचून चालणार नाही, मुलांकडे बघ.’ ‘एक मूल आहे ना, त्याच्यात मन रमव.’ बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण या प्रत्येक वाक्यातून एकच अर्थ ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतो: तुझे दुःख आहे त्यापेक्षा कमी असायला हवे. नव्वदीच्या आईचा मृत्यूही साठीच्या मुलाला पोरके करतो. ‘सुटले’ हे त्या घरातल्या माणसाने म्हणावे. आपण म्हणू नये.

‘कसं झालं?’ हा प्रश्नही जपून विचारावा. प्रत्येक येणाऱ्याला रुग्णालयातली शेवटची रात्र पहिल्यापासून सांगण्याची वेळ त्या बाईवर दिवसातून वीस वेळा येते. तिला सांगायचे असेल तर ती सांगेल, तेव्हा मध्ये न तोडता ऐकावे. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला हवे होते, वेळेत न्यायला हवे होते, असले शेरे तर कधीच मारू नयेत. ‘आपण आणखी काही केले असते तर’ हा प्रश्न त्या घरात आधीच रात्रंदिवस जागा असतो.

मग काय बोलावे? थोडे आणि खरे. ‘काय बोलू, सुचत नाही’ हे वाक्य प्रामाणिक असते आणि पुरेसे असते. गेलेल्या माणसाची एखादी आठवण सांगता आली तर ती सर्वांत मोलाची. ‘मला नोकरी नव्हती तेव्हा काकांनी माझा अर्ज स्वतः टाइप करून दिला होता,’ असे कुणी सांगितले की घरच्यांना आपल्या माणसाचा एक नवा तुकडा हाती लागतो. त्यांचे नाव घ्यायला घाबरू नये. नाव काढले तर त्यांना आठवण होऊन वाईट वाटेल, ही आपली भीती असते. ते विसरलेले नसतातच. आपणही विसरलेलो नाही, एवढेच त्यांना कळते.

आणि काही वेळा नुसते बसून राहावे. बुद्धचरित्रातील किसा गोतमीची कथा सर्वांना ठाऊक आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागणाऱ्या त्या आईला, ज्या घरात कुणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला बुद्धांनी सांगितले. मृत्यू अटळ आहे, हे त्या कथेचे तात्पर्य आपण सांगतो. पण बुद्धांनी तिला लगेच उपदेश केला नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. त्यांनी तिला घरोघर पाठवले. प्रत्येक उंबऱ्यावर कुणीतरी आपले गेलेले माणूस तिला सांगितले असेल. तिला समज आली ती या इतरांच्या दारांवर.

‘काही लागलं तर सांग’

हे वाक्य म्हणून निरोप घेणाऱ्यांपैकी क्वचितच कुणाला पुढे फोन येतो. कारण दुःखातल्या माणसाला काय लागणार आहे ते ठरवण्याचे आणि मागण्याचे बळच नसते. म्हणून मदत विचारू नये, ठरवून सांगावी. ‘गुरुवारी सकाळी दहाला मी येतो, आपण पेन्शनच्या कामाला बँकेत जाऊ.’ ‘या महिन्याचे किराणा सामान मी आणते, यादी मीच करते.’ ‘मुलीला क्लासहून मी घेऊन येईन.’

मृत्यूनंतरची कागदपत्रे हा तर स्वतंत्र डोंगर असतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते. दाखल्याच्या एकदोन नव्हे, चांगल्या आठ-दहा प्रती घेऊन ठेवाव्यात; बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधी, कुटुंब निवृत्तिवेतन, गृहनिर्माण संस्थेचा भागदाखला, वीज आणि गॅसची जोडणी, शिधापत्रिका, प्रत्येक ठिकाणी तो मागितला जातो. गेलेल्या व्यक्तीचा मोबाइल क्रमांक घाईने बंद करू नये, कारण अनेक खात्यांचे सांकेतिक क्रमांक त्याच फोनवर येतात. त्या क्रमांकावरून वर्षानुवर्षे व्यवहार केवळ नवऱ्यानेच पाहिले असतील, तर पत्नीला कोणते खाते कोठे आहे हेही माहीत नसते. तिच्या वतीने सही करणाऱ्यापेक्षा तिच्याशेजारी बसून तिला हे समजावून देणारा माणूस अधिक उपयोगाचा. आणि पैशांचे, घर विकण्याचे, मुलाकडे कायमचे राहायला जाण्याचे मोठे निर्णय जमल्यास काही महिने पुढे ढकलावेत.

कपाटातले कपडे, चष्मा, काठी केव्हा काढायची, हे इतरांनी ठरवू नये. काहींना तेराव्यालाच सारे देऊन टाकावेसे वाटते, काहींना वर्षभर एक सदरा खुंटीवर हवा असतो. दोन्हीही बरोबर.

ज्या दुःखाला जागा नाही

काही दुःखांना समाज दुःख म्हणूनच ओळखत नाही. गर्भपात झालेल्या स्त्रीला ‘अजून वय आहे, पुन्हा होईल’ एवढेच ऐकायला मिळते, आणि तिच्या नवऱ्याला तर कुणी काही विचारतही नाही. घटस्फोटित पतीच्या मृत्यूने हललेल्या बाईने कुणापुढे रडायचे? वीस वर्षे ज्या आजींना सांभाळले त्या गेल्यावर घरकाम करणाऱ्या मावशींचे सांत्वन कोण करते? अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा शोकाकडे लक्ष वेधले: ज्याला उघडपणे मान्यता मिळत नाही, तो शोक अधिक काळ आत धुमसतो.

आत्महत्येने माणूस गेलेल्या घराची अवस्था याहून कठीण असते. तेथे माणसे कमी येतात, आणि आलेली कारणे शोधतात. अशा घरी इतर कोणत्याही घरी जावे तसेच जावे. कारण विचारू नये, दोष शोधू नये, गेलेल्याचे आयुष्य त्याच्या शेवटच्या दिवसावरून मोजू नये.

पुरुषांचे रडणे आपल्याकडे अजूनही अवघड गोष्ट आहे. विधुराला लोक डबा देतात, पण त्याच्याशी बोलत नाहीत. विधवेच्या वाट्याला उलट नको इतके नियम येतात. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे आणि जोडवी काढणे या प्रथांविरुद्ध ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून अन्य ग्रामपंचायतींनाही या ठरावाचे अनुकरण करण्यास सांगितले. शहरात बांगड्या फोडल्या जात नाहीत, असे आपण समाधानाने म्हणतो. पण सोसायटीच्या हळदीकुंकवाच्या यादीतून कोणाचे नाव गुपचूप गळते, लग्नघरात कोणाला मागच्या रांगेत बसवले जाते, हे आपल्याला ठाऊक असते. माणूस गेल्यानंतर स्थानही काढून घेणे हा दुसरा आघात असतो, आणि तो दैवाने केलेला नसतो.

कोरोनाच्या साथीने तर शोकाची जागाच हिरावून घेतली. अधिकृत नोंदींनुसार महाराष्ट्रात १ लाख ४८ हजारांहून अधिक माणसे या साथीत गेली. २०२० आणि २०२१ मध्ये अनेकांना शेवटचे तोंड पाहता आले नाही, घरी कुणी सांत्वनाला येऊ शकले नाही, काही घरांतून तर दोन-तीन माणसे एकाच आठवड्यात गेली. त्या वेळी न झालेला शोक आजही कुठेतरी थांबलेला असेल. ओळखीच्या अशा कुटुंबाला इतक्या वर्षांनी ‘तेव्हा येता आलं नाही, आज आलो’ असे म्हणायला उशीर झालेला नाही.

मुलांना काय सांगावे

‘बाबा गावाला गेलेत’, ‘आजी झोपली आहे’, ‘देवबाप्पाने आईला बोलावलं’, अशी उत्तरे आपण प्रेमापोटी देतो. पण लहान मुले शब्दांचा अर्थ सरळ घेतात. झोपलेली आजी उठत नाही हे पाहिलेले मूल रात्री झोपायला घाबरू शकते. गावाला गेलेल्या बाबांची वाट पाहणारे मूल त्यांनी आपल्याला टाकले असे समजू शकते. मृत्यूतून परत येता येत नाही, ही समज साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात येऊ लागते. त्याआधीचे मूल ‘बाबा कधी येणार?’ असे पुन्हापुन्हा विचारते, आणि त्याला तितक्याच वेळा शांतपणे उत्तर द्यावे लागते. बाबांचे शरीर खूप आजारी झाले, ते काम करायचे थांबले, ते आता परत येणार नाहीत, हे साध्या शब्दांत सांगावे. त्यात मुलाच्या वागण्याचा काहीही दोष नव्हता, हे आवर्जून सांगावे. अनेक मुले मनातल्या मनात स्वतःला जबाबदार धरतात.

मुले दुःखात सलग राहत नाहीत. पाच मिनिटे रडून ती खेळायला जातात आणि रात्री पुन्हा बिलगतात. ‘याला काही कळतच नाही’ असे त्यांच्यादेखत म्हणू नये. शाळेत वर्गशिक्षिकेला कळवावे. आणि मोठ्या मुलाला ‘आता घरातला कर्ता तू’ हे वाक्य ऐकवू नये. बारा वर्षांच्या मुलाचे वडील गेले आहेत; त्याचे बालपणही त्याच दिवशी काढून घेण्याचे कारण नाही.

मदत केव्हा घ्यावी

बहुतेक माणसे आप्तांच्या आणि वेळेच्या आधाराने सावरतात. त्यांना औषधांची किंवा उपचारांची गरज पडत नाही. काहींचा शोक मात्र गोठून राहतो. महिने उलटले तरी ओढ आणि वेदना पहिल्या दिवसाइतक्याच तीव्र राहतात, मृत्यू झाला हे मन मानत नाही, जगण्यात काही अर्थ वाटत नाही, रोजचे व्यवहार ठप्प होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात अशा दीर्घकालीन शोकाची स्वतंत्र विकार म्हणून नोंद आहे. त्यासाठी किमान सहा महिन्यांचा काळ धरला आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या त्याच वर्षीच्या सुधारित सूचीत प्रौढांसाठी हा काळ बारा महिन्यांचा आहे. आपल्या समाजात शोकाच्या रीती काय आहेत हे लक्षात घेऊनच तो ठरवायचा असतो.

पण काही बाबतीत महिने मोजत बसू नये. ‘मलाही त्यांच्याकडे जायचंय’ हे शब्द वरचेवर येऊ लागले, मद्याचा किंवा झोपेच्या गोळ्यांचा आधार वाढला, खाणेपिणे सुटले, माणूस अंथरुणातून उठेनासा झाला, तर त्वरित मनोविकारतज्ज्ञ किंवा समुपदेशक गाठावा. आत्महत्येविषयी सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलण्याची वाट मोकळी होते. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनाशुल्क बोलता येते.

स्वतः दुःखात असणाऱ्यांनी

या ओळी आपल्याच घराविषयी आहेत असे ज्यांना वाटत असेल, त्यांच्यासाठी थोडेसे. दिवसातून एकदा घराबाहेर पडा, मग ते दूध आणण्यापुरते का असेना. भूक नसली तरी वेळेवर ताटावर बसा. भेटायला येणाऱ्यांचा शीण होत असेल तर तसे सांगायला संकोचू नका. सण, वाढदिवस, लग्नाचा दिवस, वर्षश्राद्ध हे दिवस जड जाणार हे आधीच गृहीत धरा आणि त्या दिवशी कोण सोबत असेल ते ठरवून ठेवा. कधीकधी सणच शोकाची तारीख होतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा गणेश विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. तेथील कितीतरी घरांना विसर्जनाचे ढोल पुढे वेगळे ऐकू आले असतील. आणि एखाद्या संध्याकाळी आपण त्यांना तासभर विसरलो होतो असे ध्यानात आले, तर त्याचा अपराध वाटून घेऊ नका. ती फारकत नसते. दुसऱ्या काठावर गेलेले मन परत येणारच असते.

बाकीच्यांनी एक छोटी गोष्ट करावी. कुणाच्या अंत्यविधीहून परतल्यावर आपल्या दिनदर्शिकेवर तीन तारखा लिहून ठेवाव्यात: त्या दिवसापासून चाळिसावा दिवस, त्या माणसाचा येणारा वाढदिवस आणि पहिली दिवाळी. त्या त्या दिवशी फोन करावा, जमल्यास जाऊन यावे. फार बोलावे लागत नाही. ‘आज त्यांची आठवण आली, म्हणून आलो,’ एवढे पुरते. ज्याचे जळते त्याला कळते, हे खरेच. पण जळणाऱ्याच्या शेजारी बसायला सगळे कळलेच पाहिजे असे नाही.